"तू अभ्यास कर, पैशांचं आम्ही बघू"

जून लागला की खान्देशातल्या शेतकरी घराच्या दारात दोन खर्च एकदमच येऊन उभे राहतात. कपाशीचं बियाणं-खत घ्यायचं असतं आणि पोराची नाहीतर पोरीची अ‍ॅडमिशन असते. पहिली वेचणी दसरा-दिवाळीला, आणि भाव वाढेल या आशेवर कित्येक घरांत कापूस फेब्रुवारीपर्यंत खोलीत भरून राहतो. कॉलेजला मात्र फी आजच हवी. मग विकास सोसायटीच्या पीककर्जातले थोडे पैसे तिकडे वळतात, बचत गटातून उचल होते, आईची पोत सोनाराकडे जाते. हे सगळं चालू असताना पोराला एकच वाक्य ऐकवलं जातं: "तू फक्त अभ्यास कर, पैशांचं आम्ही बघू."

वाक्य मायेपोटीच येतं. तरीही माझं स्पष्ट मत आहे, की बाहेरगावी शिकणाऱ्या मुलांच्या तब्येतीला मेसच्या पातळ वरणापेक्षा हे वाक्य जास्त बाधतं. आईच्या गळ्यात पोत नाही हे अठरा वर्षांच्या पोरीला दिसत नाही, असं कोण समजतं? तिला सगळं दिसतं, फक्त आकडा माहीत नसतो. आकडा माहीत नसला की मन तो रात्री फुगवत बसतं. शिवाय तिला एक धडाही मिळतो, की या घरात अडचणीचं उघड बोलत नाहीत. पुढे तिचा एक विषय राहतो तेव्हा ती तोच धडा गिरवते. घर कर्ज लपवतं, पोरगी केटी लपवते, आणि फोनवर दोन्हीकडून "बरं शे" असं उत्तर येतं.

रविवारी रात्रीचा तो फोन एकदा नीट ऐका.

"जेवना का रे?"
"हाव, जेवनू."
"आभ्यास चालू शे ना?"
"चालू शे."
"पैसा शेतस का?"
"शेतस."

मिनिटभरात संपतो. तिन्ही प्रश्न असे, की त्यांना "हो" सोडून दुसरं उत्तर देणं म्हणजे घरच्यांना घोर लावणं. जो जेवला नाही तोही "जेवनू" म्हणतो. आज मेसला भाजी काय होती, कोणाबरोबर जेवलास, रूम पार्टनर गावी गेलाय का, सकाळी किती वाजता उठलास, अशा प्रश्नांना नुसतं "हाव" म्हणून सुटता येत नाही. दोन वाक्यं बोलावीच लागतात आणि त्या दोन वाक्यांत आवाज कळतो. घरचंही काही सांगावं. ठिबकची नळी उंदरांनी कुरतडली, केळीच्या घडाला या आठवड्यात काय भाव मिळाला, गाय कधी व्यायली. घरची बारीकसारीक अडचण ऐकायला मिळाली, की मुलालाही आपली सांगायचा धीर येतो.

आता हिशोबाकडे. माझं म्हणणं एवढंच, की अ‍ॅडमिशनच्या आधी एका संध्याकाळी आई, वडील आणि शिकायला जाणारं मूल यांनी वही घेऊन बसावं. आईनेही बसावं, कारण बऱ्याच घरांत पोत तिची जाते आणि हिशोब मात्र बाप्यांमध्ये होतो. वहीत फी, कॉट बेसिसच्या खोलीचं भाडं, डिपॉझिट, मेस, गाडीभाडं, पुस्तकं, सगळं लिहावं. समोरच्या बाजूला पैसे कुठून येणार ते लिहावं: किती घरचे, किती उसने, कोणाचे, काय व्याजाने, फेडायचे कधी. कोणती सवलत मिळते तेही याच बैठकीत शोधावं. 2024-25 पासून ओबीसी, एसईबीसी आणि ईडब्ल्यूएस प्रवर्गातल्या, 8 लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या घरांतल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांची शिक्षण फी राज्याने पूर्ण माफ केली आहे, पण ती प्रवेशाच्या केंद्रीय फेरीतून गेलेल्यांना. मॅनेजमेंट कोट्यातून घाईने प्रवेश घेतला आणि सवलत गेली, असं घडू शकतं. आणि वहीतली शेवटची ओळ सगळ्यात महत्त्वाची: एक वर्ष वाया गेलं तर काय?

ही ओळ लिहायला घरं घाबरतात. "आधीच अपशकुन कशाला?" म्हणतात. पण निकालाच्या दिवशी हा विषय काढायची कोणाची छाती होत नाही, म्हणून तो जूनमध्येच मिटवावा लागतो. एक वर्ष गेलं तर एवढा खर्च वाढेल, तो अमुक ठिकाणाहून करू. दुसरंही गेलं तर कोर्स बदलू, किंवा परत ये, जळगावला, धुळ्याला, शहाद्याला कॉलेजं आहेत, तिथे प्रवेश घेऊ. हे मुलाने आधी ऐकलेलं असलं, की नापास होणं हा एक खर्च ठरतो. ऐकलेलं नसलं, की तो गुन्हा ठरतो. खर्च माणूस घरी सांगतो, गुन्हा लपवतो.

यावर दोन आक्षेप हमखास येतात आणि दोन्ही टाकाऊ नाहीत.

पहिला, शिकायच्या वयात पोरांवर कर्जाचं ओझं कशाला टाकायचं? यात थोडं तथ्य आहे. हिशोब सांगणं वेगळं आणि हिशोब ऐकवणं वेगळं. "तुझ्यापायी पोत गहाण टाकली" हे वाक्य भांडणात, त्यातही परीक्षेच्या आठवड्यात आलं, तर ते विष आहे. तोच आकडा जूनमध्ये, शांतपणे, वहीवर लिहून सांगितला तर मूल स्वतःहून खर्च आखतं. शिवाय आपण ज्याला पोरगं म्हणतो तो कायद्याने मतदार असतो. मात्र एक मर्यादा मी मान्य करतो. ज्या घरात बापच कर्जाने खचला आहे, रात्र-रात्र झोपत नाही, तिथे त्याने आपलं मन मोकळं करायला मुलाला फोन लावू नये. त्यासाठी भाऊ आहे, मेहुणा आहे, मित्र आहे, डॉक्टर आहे. एकोणीस वर्षांच्या मुलाला बापाचा आधार व्हायला लावणं हा अन्याय आहे, मग तो कितीही समजूतदार असो. असे समजूतदार मुलगेच पुढे मेसला खाडा टाकून पैसे वाचवतात.

दुसरा आक्षेप जास्त ठसक्यात येतो: धाक नसेल तर पोरं अभ्यासच करत नाहीत. पुण्यात जाऊन नुसती बुलेटवर फिरतात. फिरतात काही, नाही कशाला म्हणू. पण धाकाने अभ्यास किती होतो आणि लपवाछपवी किती होते, हे एखाद्या हॉस्टेलच्या रेक्टरला विचारा. इंजिनिअरिंगच्या पहिल्या सेमिस्टरला मराठी माध्यमातून गेलेल्या मुलाचे एक-दोन विषय राहणं ही जगबुडी नाही. घरी अहिराणी, शाळेत मराठी, आणि लेक्चर धाड धाड इंग्रजीत. वर पुण्या-मुंबईची पोरं त्याच्या बोलण्याच्या हेलाची इतकी नक्कल करतात, की तो वर्गात तोंड उघडणंच सोडतो. या मुलाला पहिले सहा महिने नुसते उभं राहायला लागतात. घरी कळलं तर बाप बोलेल, या भीतीने तो निकाल सांगत नाही, मग री-एक्झामची फी मित्रांकडून उसनी घेतो, मग एका वर्षी वायडी लागतो, म्हणजे वर्षच वाया जातं, आणि घरी थेट तिसऱ्या वर्षात असल्याचं सांगितलेलं असतं. एका विषयाचं प्रकरण धाकामुळे तीन वर्षांचं होतं. त्यात अभ्यास कुठे वाढला?

नीट या मेडिकल प्रवेश परीक्षेच्या रिपीटरांचं तर गणितच मांडून दाखवावं. 2024 साली देशात 23 लाखांवर मुलं त्या परीक्षेला बसली. एमबीबीएसच्या जागा लाखाच्या थोड्या वर. म्हणजे मन लावून अभ्यास करणाऱ्या बहुसंख्य मुलांना जागा मिळणार नाही हे आधीच ठरलेलं आहे. तरी निकालानंतर घरात "तूच कमी पडलास" म्हणतात. बारावीला वर्गात पहिला आलेला मुलगा लातूरला किंवा कोट्याला जातो तेव्हा तिथल्या खोलीत सगळेच आपापल्या वर्गात पहिले आलेले असतात, हे घरच्यांच्या डोक्यात येतच नाही.

राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या 2022 च्या अहवालात देशभरात 13,044 विद्यार्थ्यांनी आत्महत्या केल्याची नोंद आहे आणि राज्यांमध्ये पहिला क्रमांक महाराष्ट्राचा, 1,764. आकडा मोठा आहे, पण त्याने घाबरून जाऊन रोज मुलाला "तू ठीक आहेस ना?" विचारत बसावं असं नाही. त्याआधीच्या पायऱ्यांवर अडकलेली मुलं याच्या कितीतरी पट आहेत. ती मरत नाहीत. झोपत नाहीत, नीट जेवत नाहीत, पित्ताच्या गोळ्या खातात, चार वर्षं कुढत काढतात. घराचा खरा उपयोग या पायऱ्यांवर आहे.

शरीराचं बघू. तालुक्याच्या स्टँडवर सकाळच्या एसटीतून उतरणारे डबे ज्यांनी पाहिलेत त्यांना सांगायला नको, की खान्देशातली आई पोटाच्या बाबतीत हयगय करत नाही. कापडी पिशवी, तोंडाला सुतळीची गाठ, वर मार्करने नाव आणि मोबाइल नंबर, कंडक्टर ओळखीचा, पोरगं स्टँडवर येऊन डबा घेतं आणि कालचा रिकामा डबा परतीच्या गाडीत ठेवतं. कळण्याची भाकरी अशी रोज तीस-चाळीस किलोमीटर प्रवास करते. जिल्ह्याबाहेर गेलेल्या मुलाची मात्र ही सोय तुटते. पैसे कमी पडले की तो वन टाइम मेस लावतो, सकाळी चहा-बिस्किट, रात्री अकराला वडापाव. रावेर-यावलच्या केळीपट्ट्यातली पोरं पुण्यात दिवसाला एक केळ विकत घेऊन खात नाहीत, "केळं काय विकत घ्यायची!" म्हणून. त्यांना केळं विकत घ्यायला सांगा. शेंगदाण्याची चटणी, गूळ, तिळाचे लाडू, भाजलेले हरभरे यांचा महिन्याचा डबा पाठवणं ट्रॅव्हल्सच्या गाडीने अवघड नाही.

मुलींच्या बाबतीत एक तपासणी मी प्रत्येक घराला सुचवेन. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत महाराष्ट्रातल्या 15 ते 49 वयाच्या स्त्रियांपैकी 54.2 टक्के स्त्रियांना रक्तक्षय आढळला. म्हणजे निम्म्याहून जास्त. रक्त कमी असलं की दम लागतो, लक्ष लागत नाही, दुपारी डोळे मिटतात. घरात याला आळस म्हणतात आणि सुट्टीत आलेल्या पोरीला दोन टोमणे बसतात. हिमोग्लोबिनची तपासणी सरकारी दवाखान्यात होते, लोहाच्या गोळ्या तिथेच मिळतात. टोमण्याआधी तपासणी करा. झोपेचंही तसंच. या वयात सात तास झोप लागतेच. "नाइट मारली" हे कौतुकाने सांगणाऱ्या पोराचं घरातून तरी कौतुक करू नका. आपल्याकडे वर्षाच्या शेवटच्या परीक्षा नेमक्या एप्रिल-मेत येतात, जळगाव-भुसावळचा पारा 44-45 वर असताना, आणि पत्र्याच्या खोलीत रात्रभर जागलेलं पोरगं पेपरला चक्कर येऊन पडतं. परीक्षेच्या त्या तीन आठवड्यांपुरती तरी बरी खोली, कूलर, नाहीतर एखाद्या नातेवाइकाकडे झोपायची सोय, हा पैसा वाया जात नाही.

सातपुड्यातल्या मुलांची गोष्ट वेगळी आहे आणि "कुटुंबाने आधार द्यावा" असं सरसकट लिहिणाऱ्यांच्या ती ध्यानात नसते. धडगाव, अक्कलकुव्याकडचे कित्येक आईबाप दिवाळीनंतर ऊसतोडीला नाहीतर गुजरातेत कामाला जातात. पाड्यावर रेंज नसते, फडावर फोन चार्ज नसतो. नाशिकच्या किंवा नंदुरबारच्या वसतिगृहातल्या मुलाला फोन करायचा कोणी? अशा घराचा आधार म्हणजे मोठा भाऊ, आश्रमशाळेतले एखादे गुरुजी, आधी शिकून गेलेला गावातला मुलगा. त्याचं नाव आणि नंबर वसतिगृहात लिहून देणं हेच त्या घराचं मोठं काम. या पट्ट्यात सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार आहे. देशपातळीवरचं सिकलसेल निर्मूलन अभियान 1 जुलै 2023 ला सुरू झालं, तपासणी करून कार्डं दिली जातात. पण ते कार्ड घरी ट्रंकेत आणि मुलगा वसतिगृहात, असं असेल तर काय उपयोग? आपल्याला आजार आहे की आपण फक्त वाहक आहोत हे त्या मुलाला माहीत हवं, रेक्टरला माहीत हवं. पाणी कमी पडणं, थंडी, ताप, अति दमणूक यांनी ज्याच्या अंगात कळा सुरू होतात, त्याला क्रिकेटच्या मैदानावरून "नाटकं करतो" म्हणून खोलीवर पाठवलं जाऊ नये.

पैशांचा मुद्दा इथेही सुटत नाही. 2018 साली आदिवासी विकास विभागाने शहरांतल्या वसतिगृहांची खाणावळ बंद करून जेवणाचे पैसे खात्यात टाकायचं ठरवलं, तेव्हा आदिवासी मुलं पुण्याहून नाशिककडे पायी निघाली होती. रोख पैसे नकोत, जेवण द्या, ही मागणी वरवर विचित्र वाटते. पण खात्यात आलेल्या जेवणाच्या पैशातून काही मुलं घरी पैसे पाठवतात. धाकट्या बहिणीला ताप आलाय म्हटल्यावर कोण दोन वेळा जेवेल? इथेही घराने उघड बोलावं: जेवणाचे पैसे जेवणालाच, घरच्या अडचणीला त्यातून एक रुपया नको. हे आईबापांनी तोंडाने सांगितल्याशिवाय मुलगा ऐकत नाही.

मुलींच्या लपवण्याला आणखी एक कारण आहे. बसमध्ये कोणी त्रास देतो, खोलीमालक विचित्र वागतो, मोबाइलवर कोणी धमकावतो. ती घरी सांगत नाही, कारण सांगितलं तर काय होईल हे तिने चुलत बहिणीच्या बाबतीत पाहिलेलं असतं. कॉलेज बंद, आणि आखाजीपर्यंत, म्हणजे अक्षय्य तृतीयेपर्यंत, लग्न. त्रास देणारा मोकळा, शिक्षण हिचं थांबणार. मग ती गप्प राहून एकटीच सोसते, पोट दुखतं, डोकं दुखतं, दवाखान्यात काही सापडत नाही. तिच्या तब्येतीसाठी बापाने करण्यासारखी सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे जाताना एक शब्द देणं, की काहीही झालं आणि तू घरी सांगितलंस, तर तुझं शिक्षण बंद होणार नाही. आणि तो शब्द आजी-काकांसमोर द्यावा, म्हणजे पुढे फिरवता येत नाही. हा शब्द वर्षभराच्या मेसपेक्षा मोलाचा आहे असं मला वाटतं, आणि फुकट आहे.

भाऊबंदकीचंही बोलायला हवं. श्रावणात नागपंचमीनंतरच्या रविवारी कानबाई बसते तेव्हा सुरत, पुणे, नाशिकला पांगलेलं सगळं कुळ गावी येतं, रोट खातं. खान्देशी माणसाला घरी ओढणारा याहून मोठा सण नाही. म्हणूनच एखादा मुलगा "सबमिशन आहे" म्हणून कानबाईला यायचं टाळतो, दुसऱ्या वर्षीही टाळतो, तेव्हा घराने कान टवकारावेत. बहुतेकदा तो सणाला नाही, ओसरीवरच्या चौकशीला टाळत असतो. किती टक्के पडले? पॅकेज किती? अमक्याचा तर लागला बी नोकरीला, तुझं काय? इथे आईबापांनी मध्ये पडावं. "त्याचं चालू आहे, झालं की सांगू" एवढं एक वाक्य बापाने मुलाच्या वतीने, सगळ्यांच्या देखत बोलावं. बाप आपल्या बाजूने बोलला, हे पोरगं आयुष्यभर विसरत नाही. आपले बाप मात्र अशा वेळी स्वतःच पाहुण्यांना सामील होतात आणि हसतात. हे थांबलं तर अर्धी कानबाई पावली.

आता खरोखर बिघडलेल्या तब्येतीविषयी. मानसिक आजारांची सुरुवात बहुतेक वेळा पंचविशीच्या आतच होते, म्हणजे शाळा-कॉलेजच्या वर्षांत. झोपेचं चक्र उलटणं, अंघोळ-दाढी सुटणं, फोन उचलणं बंद होणं, परीक्षेला न बसणं, पैशांचा ठिकाणा न लागणं, आवडीच्या वस्तू वाटून टाकणं, "माझ्यामुळे तुम्हाला त्रास" असं बोलणं. यातल्या दोन-तीन गोष्टी एकत्र दिसल्या तर फोनवर उपदेश करू नये, गाडी पकडून त्याच्याकडे जावं. आणि विचारावं. "मरावंसं वाटतं का?" हा प्रश्न विचारल्याने डोक्यात नसलेला विचार येतो, ही समजूत चुकीची आहे, उलट विचारल्याने बहुतेकांना सुटल्यासारखं वाटतं. 14416 हा टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा मोफत क्रमांक आहे, रात्री-अपरात्री लागतो, मराठीत बोलता येतं, आणि तो आईबापांनाही वापरता येतो. जळगाव, धुळे आणि नंदुरबार, तिन्ही ठिकाणी आता शासकीय वैद्यकीय महाविद्यालयं आहेत, तिथल्या रुग्णालयात मनोविकारतज्ज्ञ भेटतात, खर्चही फारसा नाही. कोणी ओळखीचं बघेल म्हणून नाशिकला नेलं तरी हरकत नाही, पण न्या. "बाहेरचं झालंय" म्हणून भगताकडे जाणारी घरं आहेत आणि त्यांना हसून काही होत नाही. जायचं तर जा. डॉक्टरची गोळी मात्र भगताच्या सांगण्यावरून बंद करू नका.

अशा अवस्थेतलं मूल घरी आणलं, की फवारणीची औषधं घरातून हलवावीत, कुलपात ठेवावीत, किल्ली घरातल्या एकाच माणसाकडे. शेतकऱ्याच्या घरात हे आधी करायचं काम आहे. अडचणीचा तो क्षण पुष्कळदा थोड्या वेळाचा असतो, आणि त्या वेळात हाताशी काय आहे यावर फार अवलंबून असतं.

आणखी एक गोष्ट आईबापांना जड जाते. मूल अठराच्या वर गेलं, की डॉक्टरशी त्याचं बोलणं त्याचं आहे. 2017 च्या मानसिक आरोग्य कायद्याने ती गोपनीयता दिली आहे. "डॉक्टर, तो काय म्हणाला?" असं मागच्या दाराने विचारत राहिलं तर मुलगा डॉक्टरपाशीही बोलायचा थांबेल. औषधं चालू आहेत का, पुढची तारीख कधी, एवढं विचारावं आणि गाडीभाडं द्यावं.

हे सगळं घरावरच टाकून कॉलेजांना मोकळं सोडायचं नाही. याच खान्देशात, अमळनेरच्या प्रताप हायस्कूलच्या छात्रालयात साने गुरुजी मुलांच्या खोल्या झाडत, कपडे धूत, आजारी मुलाच्या उशाशी बसत. ते शंभर वर्षांपूर्वीचं. आज फी लाखात गेली आणि रेक्टरला मुलाचं नाव माहीत नसतं. प्रत्येक रेक्टर साने गुरुजी व्हावा असं कोणी म्हणत नाही, पण सर्वोच्च न्यायालयाने 25 जुलै 2025 च्या निकालात सांगितलेलं तरी व्हावं: शंभर किंवा त्याहून जास्त विद्यार्थी असलेल्या संस्थेत प्रशिक्षित समुपदेशक हवा, लहान संस्थांनी बाहेरच्या तज्ज्ञाशी जोडून घ्यावं, मदतीचे क्रमांक वसतिगृहात आणि वर्गात दिसतील असे लावावेत, पालकांसाठीही या विषयावर कार्यक्रम घ्यावेत. आपल्याकडे बऱ्याच ठिकाणी समुपदेशक म्हणून मराठीच्या किंवा मानसशास्त्राच्या मॅडमचं नाव फलकावर लिहून काम उरकतात. त्या मॅडमनाही ते कधीतरी कॉलेजचा दर्जा तपासणारी नॅक समिती येण्याच्या आदल्या दिवशी कळतं.

अ‍ॅडमिशनच्या रांगेत उभे असलेले पालक प्लेसमेंट किती झाली हे विचारतात, पॅकेज विचारतात. त्याच खिडकीवर समुपदेशक कोण, कोणत्या खोलीत बसतात, कोणत्या वारी, हे विचारायला सुरुवात करावी. शंभर पालकांनी विचारलं तर खुर्ची भरेल, कारण विद्यार्थी संख्या हाच सध्या कॉलेजांचा जीव की प्राण आहे. आणि दुसरी मागणी फीच्या तारखांची. आपल्या विद्यापीठाच्या जळगाव, धुळे, नंदुरबार या तिन्ही जिल्ह्यांत बऱ्याच मुलांचं घर कापसावर, केळीवर नाहीतर मजुरीवर चालतं, हे कॉलेजांना माहीत नाही असं नाही. मग फीचा मोठा हप्ता जूनऐवजी जानेवारीत घ्यायला काय अडतं? शिष्यवृत्ती उशिरा आली म्हणून हॉल तिकीट अडवून ठेवायची पद्धत तर आजच बंद व्हायला हवी. ती रक्कम सरकार आणि कॉलेज यांच्यातली आहे, आणि पेपरच्या आदल्या रात्री ऑफिसबाहेर रडत उभं राहतं ते पोरगं. पालक-शिक्षक सभेत चहा पिऊन, सही करून परत येण्याऐवजी या दोन मागण्या लेखी द्याव्यात आणि त्याची पोच घ्यावी.